मोठ्या संख्येची कुंडली कशी मांडायची

समजा संख्या आहे 2,35,02,024. तिचे विभाजक किती, ती पूर्ण वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का? ही सगळी उत्तरं एकाच कामातून निघतात: मूळ अवयव पाडणं. तेव्हा आधी तेच नीट करा.

सुरुवात सोप्या कसोट्यांनी. शेवटच्या तीन अंकांना, म्हणजे 024 ला, 8 ने भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येलाही जातो. शेवटच्या चार अंकांना, 2024 ला, 16 ने जात नाही. म्हणजे 2 चा घातांक 3 वर थांबला. अंकांची बेरीज 18, म्हणून 9 ने भाग जातो. 8 आणि 9 ने भागल्यावर उरतात 3,26,417. यांची बेरीज 23, म्हणजे 3 संपला. शेवटी 7 असल्याने 5 चा प्रश्नच नाही.

आता खरी गंमत. 7 × 11 × 13 = 1001. त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून पालटून अधिक-वजा केलं, की तिन्ही कसोट्या एका दमात होतात. (आपले स्वल्पविराम इथे फसवतात, गट 326 आणि 417 असे पाडायचे.) 417 − 326 = 91, म्हणजेच 7 × 13. भाग 7 ने जातो, 13 ने जातो, 11 ने नाही.

91 ने भागल्यावर उरतात 3,587. पुन्हा 7 आणि 13 लावून पाहा, ही पायरी हमखास विसरली जाते. बाकी 3 आणि 12, म्हणजे दोन्ही संपले. पुढचा 17, आणि 3,587 = 17 × 211. 17 चा वर्ग 289, तो 211 पेक्षा मोठा. 17 च्या आतले सगळे मूळ अवयव तर आधीच बाद झालेत. म्हणून 211 मूळच.

2,35,02,024 = 2³ × 3² × 7 × 13 × 17 × 211

इथे 17 लवकर सापडला. नेहमी असं होत नाही: 4,29,49,67,297 ही संख्या गणितज्ञ फर्मा मूळ समजत होता, तिला 641 ने भाग जातो हे 1732 मध्ये दुसरा गणितज्ञ ऑयलर याने दाखवलं.

पुढचं सगळं घातांकांवरून. प्रत्येकात 1 मिळवून गुणा: 4 × 3 × 2 × 2 × 2 × 2 = 192 विभाजक. विभाजकांच्या बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाचे 1 पासून त्याच्या घातांकापर्यंतचे घात मिळवा (2³ साठी 1 + 2 + 4 + 8 = 15) आणि त्या बेरजा गुणा: 15 × 13 × 8 × 14 × 18 × 212 = 8,33,41,440; ती संख्येच्या दुपटीहून जास्त, म्हणून ही विपुल संख्या. अंकांच्या बेरजेने, 18 ने, निःशेष भाग जातो, म्हणून द. रा. कापरेकरांनी नाव दिलेली हर्षद संख्याही. काही घातांक विषम असल्याने पूर्ण वर्ग मात्र नाही.

राहिली दोन वर्गांची बेरीज. 4 ने भागल्यावर 3 बाकी उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम हवा. 7 चा घातांक 1, तिथेच नकार. 211 तपासायचीही गरज नाही.