चवथीच्या आरत्या घरी रेकॉर्ड करायच्यात, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की वाड्यावाड्यावर घुमट (मातीचं चामडं लावलेलं तालवाद्य) वाजवून म्हणायच्या घुमट आरतीची तालीम सुरू होते आणि कोणीतरी विचारतंच, आरत्या नीट रेकॉर्ड करायला कॉम्प्युटरवर काय टाकू, फुकटातलं असेल तर बरं. आधी सांगा, एका वेळी किती माईक लावणार? सगळं त्यावर ठरतं.

घरात एकट्याने पेटीवर अभंग म्हणणार असाल तर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर घ्या आणि विषय संपवा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आधी पेटी घ्या, मग हेडफोन लावून त्यावर गळा. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच मिळतं.

घुमट आरतीचं गणित मात्र वेगळं. घुमट, शामेळ (ढोलकीसारखं वाद्य), कांसाळे (झांजा) आणि वर गाणारे, हे सगळं एका माईकमध्ये घेतलं की कांसाळ्यांचा आवाज सगळ्यांना खाऊन टाकतो आणि नंतर तो काही केल्या बाजूला काढता येत नाही. म्हणून प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा हवा, म्हणजे किमान चार माईक आणि चार माईकची इनपुट असलेला एकच इंटरफेस, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा. दोन-तीन यूएसबी माईक एकत्र जोडायचा जुगाड नको, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं आणि लांब आरतीत ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात. विंडोजवर ऑडॅसिटी बऱ्याचदा दोन चॅनलवरच अडकतं, म्हणून इथे माझं मत सरळ रीपर या सॉफ्टवेअरला.

रीपर 60 दिवस फुकट वापरता येतं, काहीही कुलूपबंद न ठेवता. नंतर घरगुती वापराला 60 डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर, आणि धंद्यासाठी वापरलंत तरी वर्षाची उलाढाल 20,000 डॉलरपर्यंत असेल तर तेच लायसन्स चालतं. मुदत संपल्यावरही ते उघडतं, पण पैसे भरा हो, इतकं चांगलं काम इतक्या कमी पैशात कोण देतं? क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर तर लॅपटॉपवर अजिबात टाकू नका, त्यातून व्हायरस येतो आणि ऐन चवथीत लॅपटॉप बसतो.

खरेदीआधी इंटरफेसच्या खोक्यावर वाचा, बऱ्याचदा एबलटन लाइव्ह लाइट नाहीतर क्यूबेस एलई हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सोबत मिळतं. ट्रॅकची मर्यादा असते, पण छोट्या कामाला पुरतं. एफएल स्टुडिओची सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्ती मात्र घेऊ नका, तिच्यात माईकने ऑडिओ रेकॉर्डच करता येत नाही.

आता घुमट. एका तोंडाला चामडं, दुसरं उघडं आणि वाजवणारा हाताने ते उघडं तोंड झाकत-सोडत घुमारा काढतो, हा घुमारा पुढच्या माईकमध्ये नीट येतच नाही. म्हणून जमलं तर एक माईक चामड्याकडे, दुसरा उघड्या तोंडाकडे लावा, मग एकूण माईक आणि इनपुट पाच लागतील. मग दोन्ही एकत्र ऐकताना आवाज पोकळ वाटला तर रीपरमध्ये एका ट्रॅकवरचं ø बटण दाबा, फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटतो आणि बहुतेक वेळा घुमटाचं पोट परत येतं. ऑडॅसिटीत हेच काम इन्व्हर्ट इफेक्टने होतं.

रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिटला करा, मिनिटाला एका ट्रॅकचे साडेआठ एमबीच्या वर होतात, म्हणजे पाच ट्रॅकची दहा मिनिटांची आरती साधारण 430 एमबी, तेवढी जागा आधी मोकळी ठेवा. मेट्रोनोम (ठोके देणारं घड्याळ) बंद, रीपरमधलं तुकडे ग्रिडच्या रेषांना चिकटवणारं स्नॅपचं लोहचुंबकही बंद, कारण आरतीची लय शेवटाकडे चढत जाते आणि ती चढायलाच हवी, तिला ग्रिडमध्ये कोंबलं तर जीवच जातो तिचा. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला तर ऑडिओ सेटिंगमधला बफर 128 करा नाहीतर इंटरफेसवरचं, माईकचा आवाज थेट हेडफोनला देणारं डायरेक्ट मॉनिटर लावा.

आणि पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा बॅटरी भरलेली आणि रीपरचं ऑटोसेव्ह चालू ठेवा. लेव्हल लावताना हळू थापेवर लावू नका, आरतीच्या शेवटची सगळ्यात जोराची थाप वाजवून घ्या आणि काटा उणे दहा डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच माईकचा गेन (आवाजाची वाढ) द्या.