जुन्या घरातलं वाफेचं हीटिंग: व्हेंट घेताना या चुका टाळा

न्यू जर्सीत 1920 च्या आसपासचं घर घेतलेल्या आपल्या मंडळींचे फोन ऑक्टोबर लागला की सुरू होतात. "वरची बेडरूम गार पडते रे, रेडिएटरला कुठला व्हेंट लावू?" (रेडिएटर म्हणजे वाफेने तापून खोली गरम करणारा बिडाचा सांगाडा, आणि व्हेंट म्हणजे त्यातली हवा बाहेर सोडणारी, वाफ पोचली की मिटणारी छोटी झडप.) मी विचारतो, "तळघरातला मेन व्हेंट पाहिलास का?" बहुतेकांना असं काही असतं हेच माहीत नसतं. अर्ध्याहून अधिक घोळ इथेच असतो.

एक-पाइप पद्धतीत वाफ ज्या पाइपातून रेडिएटरमध्ये येते, त्याच पाइपातून थंड होऊन पाणी बनून परतते. बॉयलर बंद असताना हे सगळं हवेने भरलेलं असतं आणि हवा निघाल्याशिवाय वाफ शिरत नाही. लोकलच्या दारातला नियम: आधी उतरणारे, मग चढणारे. बॉयलरपासून वाफ नेणाऱ्या 2 इंची, 30 फूट मेन पाइपात सुमारे 0.7 घनफूट हवा असते. ती रेडिएटरच्या चिमुकल्या भोकांतून काढायची म्हटलं तर बॉयलर उगाच जळत राहतो. ती काढायला मेनच्या टोकाशी मोठा व्हेंट लागतो.

हायलंड पार्कच्या एका मित्राने हे ऐकून घ्यायच्या आधीच ऑनलाइन ऑर्डर टाकली होती. मुलीची खोली गार, म्हणून घरभर सगळ्यात वेगवान व्हेंट. झालं काय, तर हॉलचा रेडिएटर आधी तापला, थर्मोस्टॅट हॉलमध्येच, त्याने बॉयलर बंद केला आणि मुलीची खोली होती तशीच. शिवाय व्हेंट पाण्याच्या पिचकाऱ्या मारायला लागले. वाफ जोरात आत घुसली की परतणारं पाणी वाफ येते त्याच, रेडिएटरच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हमधून खाली उतरू शकत नाही, व्हेंटमधून थुंकलं जातं. मग एका प्लंबरने येऊन बॉयलरचं प्रेशर वाढवून दिलं. आगीत तेलच! घरातल्या सिस्टीमला 2 पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आत भागतं. जास्त प्रेशरवर काही व्हेंट एकदा मिटले की उघडतच नाहीत. शेवटी तळघरात उतरलो, तर मेन व्हेंटवर रंगाचे थर आणि आतून ठार चिकटलेला. तिथे गॉर्टन कंपनीचा नंबर 2 हा मोठा व्हेंट बसवला, प्रेशर खाली आणलं, हॉलला मंद व्हेंट, मुलीच्या खोलीला थोडा वेगवान. खोली तापली. ते महागडे व्हेंट अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेत.

माझी सवय सांगतो. मेन व्हेंट धड झाल्यावर घरभर आधी मंदच व्हेंट लावायचे, हॉफमन 40 किंवा गॉर्टन 4. गॉर्टनमध्ये 4, 5, 6, सी, डी असा मंदाकडून वेगाकडे क्रम आहे. मग दोन-तीन थंड रात्री जाऊ द्यायच्या आणि एका वेळी एकाच खोलीचा व्हेंट बदलायचा. रेडिएटर मोठा तर व्हेंट वेगवान, कारण त्यात हवाही जास्त. थर्मोस्टॅटच्या खोलीला मात्र हात राखूनच. एकाच शनिवारी सगळं उरकू पाहणाऱ्यांना कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. आणि स्क्रू फिरवून कमी-जास्त करायचे व्हेंट मला आवडत नाहीत. घरात येणारा प्रत्येक पाहुणा ते फिरवून जातो, विशेषतः भारतातून आलेले सासरे.

जुना व्हेंट व्हिनेगरमध्ये उकळून वापरतात काही जण. एखादा हिवाळा निघतो, पण मी नवा घेतो.

रेडिएटरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून उष्णता कमी करू नका. पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. अधेमधे ठेवलात तर आत पाणी साचतं आणि रात्रभर ठोक्यांचे आवाज येतात. रेडिएटरला व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतार हवा. तो नसेल तर कुठलाही व्हेंट थुंकणारच. व्हेंटवर रंग मारू नका. व्हेंट साधारण मधल्या उंचीवर असतो, वरच्या टोकाला लावू नका: वाफ हवेपेक्षा हलकी, आधी वरच पोचते आणि हवा निघायच्या आत व्हेंट मिटवते.

बदलताना बॉयलर बंद आणि रेडिएटर गार. टेफ्लॉन टेप लावा, पण पान्याने जीव खाऊन आवळू नका. बीड आहे ते, चीर गेली की रेडिएटर गेला.

घरातले झाडून सगळेच व्हेंट थुंकत असतील तर व्हेंटच्या मागे लागू नका, बॉयलरच्या पाण्यात बहुधा तेल आणि घाण असते. आणि रेडिएटरला दोन पाइप असतील तर दुकानातून व्हेंट आणूच नका. तिथे बहुधा स्टीम ट्रॅप (वाफ अडवून हवा आणि पाणी जाऊ देणारी झडप) बिघडलेला असतो, आणि तो दुरुस्त न करता कुणीतरी भोक पाडून व्हेंट ठोकून दिलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.