ज्याला आवडला नाही, त्याला आधी बोलू द्या

पिक्चरला माणसं गोळा करायला सोलापुरात फारसं काही लागत नाही. गच्ची आहे, चहा आहे एवढं सांगितलं तरी पुरतं. खरी पंचाईत पिक्चर संपल्यावर होते. एक जण म्हणतो, "काय भारी बे!" दुसरा म्हणतो, "झोप काढली बे मस्त!" आणि दोघंही चपला शोधायला लागतात. झाली चर्चा. ती तिथंच संपू नये म्हणून काय करायचं, ते लिहितेय. नव्या पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सिनेमाचं शिक्षण शून्य. पण जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर महिन्याच्या महिन्याला मंडळी जमतात, कडाकडा भांडतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतात.

वार ठरवताना आधी पाण्याचा दिवस बघा. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ज्याची पाळी असते त्याचं निम्मं लक्ष नळाकडं असतं. घरून फोन आला, "पाणी आलंय", की रांगेतली तीन माणसं उठली म्हणून समजा. संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याची यात्रा, तेव्हा कुणाला बोलावूच नका. मे महिन्यात आठच्या आत गच्चीवर बसायचं नाव काढू नका, फरशीचा चटका बसतो.

खाणं आधी किंवा नंतर. मध्ये मुळीच नाही. पडद्यावर दोन मिनिटं कुणी बोलत नाही आणि मागून कडक भाकरीचा कुडुम-कुडुम आवाज येतोय, हे एकदा ऐकलं की नियम आपोआप सुचतो. भाजलेल्या शेंगांचंही तेच. टरफल फुटलं की सगळ्यांच्या माना वळतात. अपवाद म्हणून चहा चालतो, पण बशीतून फुर्रकन पिणाऱ्या काकांना शेवटच्या खुर्चीवर बसवा.

आता पिक्चर कुठला? तुम्ही स्वतः शेवटपर्यंत बघितलेला, आणि जमणाऱ्यांपैकी निदान एकाला नक्की आवडणार नाही असा. सगळ्यांना आवडेल असा पिक्चर चर्चेच्या काही कामाचा नाही, त्यावर लोक एकमेकांना संवाद म्हणून दाखवतात नि घरी जातात. पहिल्यांदाच करत असाल तर चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' घ्या. 2014चा. व्हेनिसला बक्षिसं, राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करला भारताची प्रवेशिका, सगळं झालंय, पण हे आधी सांगू नका. पुरस्कार ऐकले की न आवडणारा गप्प बसतो. गोष्ट एका लोकशाहिराची. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात आत्महत्या केली, असा खटला. कॅमेरा लांब एका जागी उभा, कोर्टाच्या तारखा पडतायत. सबटायटल्स चालू ठेवा, कारण पिक्चरमध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं येतं. आमच्याकडं मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी माणसं एका सतरंजीवर बसतात, गुजराती मात्र कुणालाच येत नाही.

पिक्चर संपला की लगेच दिवे लावू नका. मग दुकानातल्या वाया गेलेल्या कागदांच्या चिठ्ठ्या वाटायच्या. (पाठकोरे कागद माझ्याकडं ढिगानं असतात, तुम्ही वहीची पानं फाडा.) चिठ्ठीवर प्रत्येकानं एकच गोष्ट लिहायची, डोळ्यांनी दिसलेली किंवा कानांनी ऐकलेली. "व्यवस्थेवर भाष्य" असलं काही लिहिलं तर चिठ्ठी परत. "कळला का?" हा प्रश्न पहिला अर्धा तास बंद. या प्रश्नानं अर्धी माणसं परीक्षेला बसल्यासारखी आक्रसतात आणि उरलेली अर्धी मास्तर होतात.

ही फेरी घाईनं उरकू नका, सगळी मजा इथंच आहे. 'कोर्ट'च्या वेळची सांगते. पुढचा मजकूर ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांनी सोडला तरी चालेल. शेवटाकडं उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टातली माणसं निघून जातात, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. आमचे बँकेतून निवृत्त झालेले काका उठलेच. आणि मग पिक्चर पुन्हा सुरू! न्यायाधीश नातेवाइकांबरोबर सहलीला गेलेत. बाकावर बसल्या-बसल्या त्यांना डुलकी लागते, पोरं कानाशी ओरडून उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि परत डोळे मिटतात. संपलं. काकांनी चिठ्ठीवर लिहिलं, "काळा पडदा. इथं संपायला पाहिजे होता." अशोक चौकातल्या आमच्या अक्का येतात, हयात विड्या वळण्यात गेली, घरी तेलुगू बोलतात. त्यांची चिठ्ठी मी वाचली, "साहेबांना सुट्टी लागली. गाणं म्हणणारा आतच आहे."

पाचेक मिनिटं कुणी काही बोललं नाही असं वगैरे काही झालं नाही. काका ताबडतोब म्हणाले, "ते बरोबर आहे अक्का, पण मग थप्पड कशाला?" आणि पुढचा पाऊण तास त्या थपडेवर गेला. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जामीन, त्याची झोप मोडली तर काय होतं, इथपासून ते पोरगं ओरडलं तर कुणीही मारेल, इथपर्यंत. माझं मत अक्कांच्या बाजूनं, पण काकांचा प्रश्न नसता तर ते मत मी कुणाला पटवून देऊ शकले नसते.

दुसऱ्या फेरीत बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. ज्याला पिक्चर आवडला नाही तो पहिला, कट्टर चाहता शेवटचा. उलट केलं की चाहता दिग्दर्शकाच्या जन्मापासून सुरू करतो आणि नावडलेला माणूस मोबाइल काढतो. नावडलेल्यालाही सूट नाही. नुसतं "बोअर झालं" चालणार नाही. कुठं झालं? कुठल्या प्रसंगाला घड्याळ बघितलंत? जागा दाखवा. 'कोर्ट'मध्ये बऱ्याच जणांची जागा एकच निघाली, सरकारी वकीलबाई कोर्टातून निघून घरी जातात तिथं. लोकल, स्वयंपाक, नवरा-पोरं, मग सगळे मिळून नाटकाला. "खटल्याचं काय झालं?" म्हणून माणसं वैतागतात. तिथंच थांबून तो भाग पुन्हा लावा आणि विचारा, त्या नाटकात प्रेक्षक कशाला हसतात? वकीलबाई कशाला हसतात? कंटाळा आलेली जागा पुन्हा बघण्याइतका चांगला उपाय मला तरी दुसरा सापडलेला नाही. दर वेळी तिथं काही सापडतं असंही नाही. कधी कधी ती जागा खरोखरच रटाळ असते, मग तसं सरळ म्हणायचं. चाहत्यांनी तोंड वाकडं करायचं नाही.

मालिकांची गोष्ट वेगळी. त्या एकत्र बसून बघणं होत नाही, जो तो घरी बघतो आणि सगळे वेगवेगळ्या भागावर असतात. म्हणून दारातच विचारा, "कुठपर्यंत आलात?" सगळ्यात मागं असणाऱ्याचा जो भाग, ती त्या दिवसाची हद्द. त्यापुढचं कुणी बोललं तर सगळ्यांच्या चहाचे कप त्यानं विसळायचे. माझा पुतण्या 'ट्विन पीक्स'चा भक्त आहे, त्याच्या हातून बरेच कप विसळून झालेत.

ती मालिका घेणार असाल तर क्रम सांगून ठेवते, कारण भक्तमंडळी यात नवख्याला घोळात घेतात. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका 1990मध्ये अमेरिकेत लागली, दोन सीझन मिळून 30 भाग. ते आधी. मग 1992चा चित्रपट. त्याची गोष्ट मालिकेच्या आधीच्या दिवसांतली, पण म्हणून तो आधी बघायचा नाही, सगळं गुपित तिथं उघडं पडतं. मग 2017चे 18 भाग. आणखी एक खड्डा आहे. पहिल्या भागाची परदेशी व्हिडिओसाठी केलेली एक लांब आवृत्ती आहे, तिला शेवट जोडून गोष्ट गुंडाळून टाकलीय. ती लागली तर बंद करा, साधारण दीड तासाची मूळ शोधा. 2017मधला आठवा भाग बराचसा काळा-पांढरा, त्यात 1945चा अणुस्फोट, संवाद जेमतेम. त्याच्यासाठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा. आमच्याकडं तो बघून एक जण टीव्ही बिघडला म्हणून केबलवाल्याला फोन लावत होता. पुतण्याला अजून ते सहन होत नाही.

क्रमाचा वाद आपल्याकडंही आहेच. 'रात्रीस खेळ चाले' 2016ला सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूनं, आणि 2019चा दुसरा सीझन त्याच्या मागं गेला. नव्यानं बघणारे विचारतात, गोष्टीच्या क्रमानं बघू का? मी म्हणते, नको. जशी लागली तशी बघा. मेलेल्या माणसाची दहशत आधी बसली पाहिजे, मग तो जिवंतपणी कसा होता ते बघण्यात गंमत. शेवंता या पात्रासाठी थेट दुसऱ्या सीझनवर उडी मारणारे असतात, त्यांना मी अडवत नाही, पण चर्चेत मागं बसवते.

आपल्या जिल्ह्याचा पिक्चर असला की जास्त जपायचं. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, त्यामुळं 'फँड्री' किंवा 'सैराट' घेतला की "आपला माणूस" सुरू होतं आणि नावं ठेवणाऱ्याला बोलायची चोरी. अभिमान दाराबाहेर काढून या म्हणावं. दुसरं याहून महत्त्वाचं आहे. 'फँड्री'त जातीवरून छळल्या गेलेल्या जब्यानं शेवटी आपल्याच दिशेनं दगड भिरकावला, की काही माणसं बाजूला बसलेल्याकडं वळून विचारतात, "तुमच्याकडं खरंच असं असतं का हो?" हा प्रश्न यजमानानं तिथल्या तिथं तोडायचा. तो माणूस पिक्चर बघायला आलाय, साक्ष द्यायला नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. तुम्ही "दगड कुणाला लागला?" एवढंच विचारा आणि सगळ्यांना उत्तर द्यायला लावा, स्वतःसकट.

आवाज चढले तर चढू द्या. पिक्चरवरून माणसावर घसरले, "तुला काय कळतं बे", की चहा आणायला उठा आणि त्या दोघांनाच ट्रे धरायला बोलवा. हात उंचावून मतदान, दहापैकी गुण, असले प्रकार करू नका. आकडा सांगितला की माणूस त्याला चिकटून बसतो.

पुढचा पिक्चर निवडायचा मान, ज्याला आजचा सगळ्यात जास्त डोक्यात गेला त्याचा. या वेळी तो पुतण्याला मिळालाय आणि त्यानं सूड म्हणून कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' काढलाय. 1988चा पिक्चर, थिएटरात लागायला 2014 उजाडलं. मला तो काडीचा आवडत नाही. म्हणजे पहिली मी बोलणार.