बाजारातून आणलेलं माळवं आठवडाभर कसं टिकवायचं

आमच्याकडे माळवं, म्हणजे भाजीपाला, आठवडी बाजारातूनच येतं. परभणीचा उन्हाळा, पारा ४२-४३वर, त्यात भरदुपारी लाइट जाणार. एवढं धरूनच साठवणीचं बघावं लागतं. विहिरीचं तळाचं पाणी पाजून कुणीतरी वाढवलेली मेथी आपल्या घरात सडावी, हे मला बघवत नाही. म्हणून बाजारातून आलं की चहा मागाहून, आधी पिशवी पालथी करायची.

डागाळलेलं टमाटं, मऊ पडलेलं वांगं बाजूला काढून त्याच रात्री फोडणीला टाका. पिकलेली केळी, आंबे, टमाटे यांच्यातून एथिलीन वायू सुटतो आणि त्यानं शेजारच्या पालेभाज्या, काकड्या लवकर पिवळ्या पडतात. केळीचा फणा वेगळा टांगा, म्हणजे दबून डागही पडत नाहीत.

सगळ्यात जास्त नासते ती पालेभाजी. मेथी, पालक, कोथिंबीर धुऊन ठेवू नका. आधी जुडीची सुतळी सोडा, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. विकणारी बाई उन्हामुळं वरून पाणी मारत असते, आतली पानं दबलेली असतात. जुडीच्या मध्यात बोट घालून बघा, चक्क गरम लागतं. पिवळी-काळी पानं खुडा, मुळं छाटा आणि पंख्याखाली जुन्या लुगड्याच्या फडक्यावर पसरून वरचं पाणी सुकू द्या. पानं कोमेजायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. फडकं ओलसर लागलं की बदलायचं. हिरव्या मिरच्यांचे देठ काढून त्याही अशाच ठेवा.

वांगी, काकडी, भेंडी, टमाटे यांना मात्र फ्रिजचा गारठा सोसत नाही. वांग्याला खड्डे पडतात, आतलं बी काळं होतं. टमाट्याची चव जाते. केळी तर १३ अंशांखाली काळीच पडते. यांच्यासाठी आमच्या आत्याबाईंनी लावून दिलेली पद्धत मी अजून सोडलेली नाही. एक मोठा, रुंद तोंडाचा माठ घ्या, काठ फुटका असला तरी चालतो. त्यात तळाला वाळूचा थर देऊन लहान मातीचं मडकं बसवा आणि दोन्हींमधल्या फटीत वाळू भरा. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, मडक्यात माळवं ठेवा, पिकलेले टमाटे मात्र वेगळ्या मडक्यात, वर ओलं गोणपाट टाका. वाळूतलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. त्यामुळं माठ सावलीत पण वाऱ्याला हवा, बंद खोलीत काही उपयोग नाही. आपल्याकडची कोरडी हवा इथं कामाला येते, पावसाळ्यात दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही. पाण्याची टंचाई असली तर भाज्या धुतलेलं पाणीच वाळूला घाला.

शेतावर जास्त माल असेल तर हेच काम विटांचा हौद करतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९८०च्या दशकात त्याचा नमुना तयार केला, त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर वाळू, वर झाकण आणि सावलीला छप्पर. कडक उन्हाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंश कमी राहतं. मोसंबी, टमाटे, वांगी काढल्यावर बाजाराच्या दिवसापर्यंत टिकवायला मला याहून स्वस्त सोय दिसत नाही.

कांदा आणि आलू एका टोपलीत नकोत, आलूच्या ओलाव्यानं कांदा कुजतो. कांदा हवेशीर, पसरून. आलू अंधारात ठेवा, उजेडात हिरवे पडतात आणि तो हिरवा भाग खाऊ नये. फ्रिजमध्येही नकोत, गोडसर होतात आणि तळताना काळे पडतात.

दसऱ्याच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगराकडची सीताफळं येतात. कच्ची असताना फ्रिजमध्ये घालू नका, नीट पिकत नाहीत, साल तेवढी काळी पडते. टोपलीत एका थरात ठेवा आणि रोज हलक्या हातानं दाबून बघा. खूपच पिकली तर बिया काढून गर डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका. गर आटवायला जाऊ नका, तापवला की कडवट होतो.

आणि गवार, भेंडी, कारली उरतीलसं वाटलं तर ती नासायची वाट बघू नका. ताजी असतानाच चिरून, वर पातळ कापड टाकून गच्चीवर वाळवा. कडकडीत वाळल्यावर, पूर्ण निवल्यावरच बरणीत भरा. कोमट भरली तर आत घाम धरतो आणि बुरशी येते.