बोलीचा शिक्षक घडवताना

अमेरिकेतील मोंटाना राज्यात, फ्लॅटहेड आरक्षित प्रदेशातील आर्ली या गावी २००२ साली न्क्वुसम ही सॅलिश या मूळनिवासी भाषेची शाळा सुरू झाली, त्या वेळी भाषा अस्खलित बोलणारी माणसे वयोवृद्ध झाली होती आणि मुलांपुढे उभे राहण्याची उमेद असलेले तरुण स्वतःच ती भाषा शिकत होते. त्यामुळे तिथे शिक्षक-प्रशिक्षणाचा अर्थच बदलला. आधी प्रौढ माणसाला बोलता करायचे आणि मग त्याला वर्गात पाठवायचे, असा क्रम ठरला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील ज्या शिक्षकांना आपली बोली आणि तिच्यासोबतची रीतभात मुलांपर्यंत पोहोचवायची आहे, त्यांनी हाच क्रम पाळावा.

मात्र तुलना बेताने करावी. सॅलिश हे मुळात वीसहून अधिक भाषांच्या कुलाचे नाव असून आर्लीत शिकवली जाते ती त्यांतील एक भाषा आहे. मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती, तेव्हा मराठी मरणपंथाला लागली आहे असा गळा काढण्याचे कारण नाही. आपल्याकडे निसटते आहे ती तरव्याची म्हणजे भाताच्या रोपांची, मळणीची, कणगीची, जात्यावरची बोली; आणि ती निसटण्यात शाळेतल्या लाल शाईचा वाटा मोठा आहे, हे शिक्षकांनी प्रथम मान्य करावे.

पहिले काम जोड्या लावण्याचे. एक डी.एड. झालेला तरुण शिक्षक आणि गावातील एक आजी किंवा आजोबा, अशी जोडी असावी. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात मूळनिवासी भाषांसाठी ही गुरू-शिष्य पद्धत रुजली. तिच्यात आठवड्याला दहा ते वीस तास दोघांनी एकत्र घालवायचे, इंग्रजी टाळायची आणि हातातले काम करता करता बोलायचे, असा दंडक आहे. नोकरी करणाऱ्या शिक्षकाला इतके तास मिळणार नाहीत. पण शनिवारची दुपार आणि रविवार धरून पाच-सहा तास निघू शकतात, आणि त्याहून कमी वेळात फक्त शब्दांची यादी होते, बोलणे होत नाही.

हातातले काम ही अट सोडू नये. आमच्या एका प्रशिक्षणात उत्साही शिक्षकांनी आजींना खुर्चीवर बसवून, वही उघडून 'जुने शब्द सांगा' असे म्हटले आणि आजी गप्पच झाल्या. दुपारी त्याच आजी सूप घेऊन पाखडायला बसल्या, तेव्हा लिहिणाऱ्याचा हात पुरला नाही.

दुसरे काम कानाचे. सॅलिशमध्ये इंग्रजीत नसलेली अनेक व्यंजने आहेत, त्यामुळे इंग्रजी अक्षरांच्या सवयीने वाचणारा शिकाऊ हमखास चुकतो. आधी ऐकणे आणि नंतर वाचणे हा क्रम तिथे सोयीचा ठरतो. आपल्याला लिपीची अडचण नाही, पण सवयीची आहे. 'काय करायलास गा?' हे वाक्य ऐकताच शिक्षकाच्या तोंडून 'काय करतोस' अशी दुरुस्ती आपोआप निघते. प्रशिक्षणाचे पहिले तीन महिने कोणीही कोणाचे वाक्य दुरुस्त करू नये. प्रमाण भाषेचा तास वेगळा ठेवावा, तो परीक्षेसाठी हवाच. मात्र बोलीच्या तासाला मुलाचे रूप 'अशुद्ध' ठरवू नये.

शुद्धीकरणाचा मोह आणखी एका बाजूने येतो. सॅलिश बोलणाऱ्यांनी मोटारीसाठी इंग्रजी शब्द न घेता, चाकांच्या ठशांवरून 'सुरकुतलेल्या पायांची' अशा अर्थाचा स्वतःचा शब्द घडवला. तो शब्द मला फार आवडतो, पण त्याचे अनुकरण करून सीमाभागातील बोलीतले कानडी शब्द वेचून काढायला बसू नये. अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द काढले तर घरातली निम्मी माणसे आणि पानाचा डबा दोन्ही जातील. आजी बोलता बोलता कानडीत शिरली, तर तेही तसेच नोंदवावे.

संस्कृतीसाठी वेगळा तास ठेवण्यापेक्षा वर्षाची आखणीच ऋतूनुसार करावी. सॅलिश परंपरेत कोल्ह्यासारख्या कायोटीच्या कथा हिवाळ्यातच सांगायच्या असतात आणि वसंतात बिटररूट नावाचे कंद विधिपूर्वक खणतात. साहजिकच कथेचा धडा कधी घ्यायचा, हे पुस्तकातील पाठक्रमावर सोपवता येत नाही. आपल्याकडेही लावणीचे शब्द मृग-आर्द्रात बांधावर शिकवावेत, बैल रंगवण्याचे शब्द कर्नाटकी बेंदराला, आणि ओव्या जात्यापाशी. ध्वनिमुद्रण जरूर करावे, मात्र आधी परवानगी घ्यावी, आणि घरातली दुःखे ओवीत आली असतील तर ती गटावर फिरवू नयेत. ज्येष्ठांना मानधन द्यावे. शाल-नारळावर भागवू नये.

पालकांना बाहेर ठेवून हे काम टिकत नाही. २०१० साली स्पोकेन शहरात सुरू झालेल्या सॅलिश शाळेत पालकांनीही भाषा शिकावी अशी अपेक्षा असते. आपल्याकडे एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीचा पहिला अर्धा तास बोलीत चालवण्यापासून सुरुवात करता येईल. गंमत म्हणजे, तिथे अवघडतात ते बहुधा गुरुजीच.

शेवटी शिक्षक तयार झाला हे कोणी ठरवायचे? मोंटानात मूळनिवासी भाषेच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र परवाना असून, उमेदवाराला भाषा येते की नाही याचा निवाडा त्या त्या जमातीकडे असतो. राज्य सरकार त्यावर परवाना देते. आपण सरकारी परवान्याची वाट पाहू नये. गावातल्या तीन ज्येष्ठांसमोर शिक्षकाने दहा मिनिटे, कागद न घेता, तरवा काढण्यापासून लावणीपर्यंतचे काम सांगावे. ऐकता ऐकता आजींनी मध्येच तोडून 'तसं न्हवं गा, असं' म्हणत भांडण काढले, तर तो उत्तीर्ण. त्यांनी अदबीने मान डोलावून 'छान बोललात सर' म्हटले, तर आणखी सहा महिने शिकावे.