डॉलर विकणारा प्रोग्राम लावताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बिलं डॉलरमध्ये, सूत आणि मजुरी रुपयांत. मधला हिशेब मी बघते.

भावजींनी एकदा मोबाइलवर ‘रोबो’, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्राम, आणला. परदेशी ब्रोकर, मेटाट्रेडर नावाचं सौद्यांचं ॲप, युरो-डॉलरच्या दरावर सौदे. दोन महिने जवळजवळ रोज ५ डॉलर सुटले. “काय बे, नोटा छापायचं मशीन घावलं की!” म्हणत मित्र घरी यायचे. मी सौदे वहीत उतरवले तेव्हा गोम कळली: तोटा झाला की पुढचा सौदा दुप्पट. १, २, ४, ८... सलग ७ चुकले की एकूण तोटा पहिल्याच्या १२७ पट. ५ डॉलरच्या मागे एका दिवसात ६३५ गेले. तेव्हा कुणी प्रोग्राम विकायला आला तर नफ्याचा आलेख राहू द्या, सौद्यांचा आकार तपासा. तोट्यानंतर तो फुगत असेल तर चहा पाजून वाटेला लावा.

शिवाय परदेशी ब्रोकरला असं मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, पाठवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत बसतच नाही. परवानगी नसलेल्या ब्रोकरांची रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट बघा, पण यादीत नाव नाही म्हणजे ब्रोकर चोख, असं नाही. सरळ मार्ग म्हणजे आपल्या एक्सचेंजवरचे डॉलर-रुपया फ्युचर्स: पुढच्या तारखेचा डॉलर आजच ठरलेल्या दराने विकून ठेवायचा, म्हणजे बिल येईपर्यंत डॉलर पडला तरी फटका बसत नाही. तिथेही मे २०२४ पासून हातात डॉलरचा खरा व्यवहार लागतो. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावा लागत नाही; असावा मात्र लागतोच. आमच्याकडे बिल असतं.

आता नियम. तो आधी मराठीत कागदावर लिहा, मग प्रोग्रामरला द्या. आमचा असा: १८,००० डॉलरची ऑर्डर, म्हणजे हजार-हजार डॉलरचे १८ लॉट. पक्की झाली की ६ विकायचे. उरलेले १२, ठरवलेला दर मिळाला तर सहा-सहा करून. तीन आठवड्यांत नाही मिळाला तर असेल त्या दराला विकून मोकळं व्हायचं. एवढंच. जुन्या आकड्यांवर तपासताना ब्रोकरेज आणि खरेदी-विक्रीतला फरक धरा, आणि शेवटचं एक वर्ष झाकून ठेवा; नियम ठरल्यावरच ते उघडा, म्हणजे न पाहिलेल्या आकड्यांवर त्याची परीक्षा होते.

पैशाची सोय वेगळी ठेवा, इथे बरेच जण अडकतात. डॉलर १ रुपया वर गेला की १८ लॉटमागे १८,००० रुपये त्याच दिवशी खात्यातून वळते होतात. बिलाचे जास्तीचे रुपये दोन महिन्यांनी येणार. मधल्या काळात मार्जिन तुटलं तर ब्रोकर सौदा कापतो.

माझी स्वतःची चूक सांगते. एप्रिलची दुपार, लाईट गेली. आली तसा प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि त्याने सकाळी विकलेले ६ लॉट परत विकले. त्याच्या लेखी दिवस नुकताच उजाडला होता. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “धागा तुटला तरी माग चालतोच. मागापाशी माणूस उभा करतो ते कशासाठी?” तेव्हापासून सुरू होताच प्रोग्राम आधी ब्रोकरकडून उघडे सौदे आणि ऑर्डरी मागवतो, वहीशी ताळा जुळला तरच पुढे जातो. दिवसाला ६ लॉटच्या वर ऑर्डर गेलीच नाही पाहिजे, हे कुलूपही घातलंय.

ऑर्डर ब्रोकरच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून, जाते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, लागतो, तो इंटरनेटवाल्याकडून मागून घ्या. पहिला महिना १ लॉटच ठेवा.

लॅपटॉप आता इन्व्हर्टरवर आहे, ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा नंबर भिंतीवर खडूने लिहिलाय. भावजींना यात काही मजा वाटत नाही. आठवड्यात एखादा सौदा होतो, कधी तोही नाही.