वेचणीनंतर आखडलेल्या कमरेसाठी मार्जारासन

वऱ्हाडात कापूस वेचताना पोटाशी बांधलेली ओटी जड होत जाते आणि वाकलेली कंबर आखडते. घरी आल्यावर हातपाय धुवा, पण आसन जेवणाआधीच करा. ओसरीत सतरंजी दुहेरी अंथरा, नुसत्या फरशीवर गुडघे दुखतात. मांजरासारखं हातागुडघ्यांवर ओणवं व्हा: हातांचे तळवे खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. श्वास घेत पाठ खाली झुकवा. सोडत कमानीसारखी वर उचला, हनुवटी छातीकडे. 8 ते 10 वेळा, अगदी सावकाश.

चूक बहुतेक एकच होते: कोपरं वाकवून अंग पुढेमागे ढकललं जातं. मग कणा हलतच नाही, उलट मनगटं भरून येतात. मनगट दुखत असेल तर मूठ टेकवा. कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आसन नको. आधी डॉक्टरांना दाखवा.